मंडूककंठमीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे सरकू नये, असा आपल्याकडचा जुना दंडक आहे. मी विषयापासून सुरू करतो, कारण तो ऐकला की अधिकारी वाचकांची संख्या आपोआप आटोक्यात येईल.

विषय असा. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये एकट्या गायकासाठी पुष्कळ गीतावर्तने रचली गेली. त्यांतल्या एका आवर्तनात बेडकांचे एक गीत आहे. ते टेनर आवाजाच्या गवयाने गाऊन ध्वनिमुद्रित केले, तर त्याच्या बरेवाईटपणाचा निवाडा कोणी करायचा? लंडनच्या समीक्षकांनी तो आजवर परस्पर केला. आमचे म्हणणे, हा हक्क गोंदिया जिल्ह्याचा आहे. संबंध म्हणाल तर पाण्याचा. अधिकारी म्हणजे मृग नक्षत्रात धानाच्या बांधीला लागून असलेल्या घरात, खिडकी उघडी टाकून ज्याने झोपण्याचा प्रयत्न केला आहे असा कोणीही. प्रयोजन अद्याप सापडलेले नाही. सापडलेच तर या मीमांसेला उपयुक्ततेचा डाग लागेल, म्हणून शोध थांबवला आहे.

आता परिभाषा. गीतावर्तन म्हणजे एका सूत्रात ओवलेली, एकामागून एक ऐकायची गाणी. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीपासून पुढच्या वर्षीच्या 19 एप्रिलपर्यंत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने गदिमांची आणि बाबूजींची छप्पन्न गीते आठवड्याच्या हप्त्याने घरोघर पोहोचवली. योगायोग पाहा: त्याच काळातल्या हिवाळ्यात इंग्रजी गीतावर्तनांचा सर्वांत नावाजलेला टेनर पीटर पिअर्स आणि त्याच्या गळ्यासाठी आयुष्यभर गाणी लिहिणारा बेंजामिन ब्रिटन हे दोघे हिंदुस्थानात हिंडत होते. दिल्लीत त्यांनी रविशंकरांची सतार ऐकली. त्यांच्या ‘विंटर वर्ड्स’ या 1953 च्या आवर्तनात मध्यरात्रीच्या आगगाडीतून एकटा चाललेला मुलगा आहे. गोंदिया जंक्शनच्या फलाटावर मध्यरात्री असा मुलगा केव्हाही दाखवता येईल. पण हा मुद्दा रेल्वेच्या मीमांसकांसाठी सोडतो.

टेनर म्हणजे पुरुषाच्या नैसर्गिक आवाजातला उंच वर्ग. आपल्याकडे गवई आपली पट्टी आपण ठरवतो. काळी एक म्हणा, काळी दोन म्हणा, पेटीवाल्याने निमूट ती धरायची. तिकडे उलट आहे. सूर रचनाकाराने कागदावर टाकलेले असतात आणि गळ्याला बास, बॅरिटोन, टेनर असे वर्ण चिकटलेले असतात. एकदा टेनर ठरला की त्याने टेनरासारखे गायचे, टेनरासारखे प्रेमात पडायचे आणि संगीतिका असेल तर बहुधा टेनरासारखे मरायचे. पट्टी निवडण्याचे स्वातंत्र्य नसलेल्या या प्राण्याविषयी सहानुभूती बाळगूनच पुढचे वाचावे.

ज्या आवर्तनाची ही चर्चा आहे त्याचा कर्ता गुस्ताव होल्स्ट, 1874 ते 1934. उजव्या हाताच्या नसांच्या दुखण्याने त्याचा पियानोवादक होण्याचा बेत फसला. मग ट्रॉम्बोन वाजवून पोट भरले आणि पुढे लंडनच्या सेंट पॉल्स या मुलींच्या शाळेत संगीत शिकवले. ग्रहमालेवरच्या ‘द प्लॅनेट्स’ने त्याचे नाव झाले, पण ते नंतर. त्याआधी तो ऋग्वेदाच्या नादी लागला होता. बाजारात मिळणारी भाषांतरे त्याला गाण्याजोगी वाटेनात, तेव्हा हा गृहस्थ मेबल बोड या विदुषींकडे संस्कृतची अक्षरे गिरवायला गेला आणि कोश उघडून एकेक ऋचा स्वतःच इंग्रजीत उतरवू लागला. शाळेत मुलींचे सूर जुळवून आल्यावर संध्याकाळी धातुरूपे! आपल्याकडे शाळेत पाठ केलेले ‘देव’ शब्दाचे रूप परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरणाऱ्या आम्हां मंडळींनी या ठिकाणी थोडे थांबून खजील व्हायला हरकत नाही.

कालिदासाच्या मेघदूतावरही त्याने वाद्यवृंद आणि समूहस्वरांसाठी मोठी रचना केली. रामटेकहून निघालेला तो ढग 1913 साली लंडनच्या सभागृहात पोहोचला आणि तिथे फारसे कोणी भिजले नाही. ‘सावित्री’ ही छोटी संगीतिका मात्र टिकली. तिच्यात पात्रे तीनच: सावित्री, मृत्यू आणि सत्यवान. मृत्यू बास आहे. सत्यवान टेनर आहे. म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायका सात जन्मांसाठी जे मागणे मागतात ते, होल्स्टच्या स्वरलिपीप्रमाणे पाहिले तर, एका टेनरसाठी असते. हे त्यांना कळले तर किती जणी पुढच्या वर्षी येतील, हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे.

आता मूळ ग्रंथाकडे. 1907-08 मधील होल्स्टच्या वैदिक गीतांच्या आवर्तनात, आवाज आणि पियानोसाठी, नऊ गीते आहेत. उषा, वरुण, मरुत; मग इंद्र, पुन्हा वरुण (या खेपेला जलाधिपती म्हणून), बेडूक; शेवटी वाक्, सृष्टीची उत्पत्ती आणि श्रद्धा. क्रम नीट पाहावा. पाचव्या गीतात पाणी, सहाव्यात बेडूक, सातव्यात वाणी. म्हणजे आधी पाणी भरते, मग बेडूक तोंड उघडतो आणि त्यानंतरच वाग्देवीला बोलण्याची संधी मिळते. इंग्लंडात बसून केलेली ही मांडणी गोंदियाच्या आमगाव तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याने तपासून ‘बरोबर’ असा शेरा मारला असता. इथे एक बारीक दुरुस्ती करून घ्यायला हवी: बेडूक तोंड उघडत नाही. पण त्याकडे पुढे येतो.

एका फलज्योतिषीय तपासणीला इथे जागा द्यायलाच हवी. आपल्या पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना वाहने असतात. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकी पाहायची. एक उरला तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, शून्य हत्ती. बेडूक, म्हैस आणि हत्ती आले की पाऊस भरपूर. वाहने नऊ, होल्स्टची गीते नऊ! दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर जे दिसते ते असे. पहिल्या उषेला घोडा मिळतो. तिच्या रथाला घोडे होतेच. चौथ्या इंद्राला मेंढा येतो, आणि इंद्राने मेंढ्याचे रूप घेतल्याची सूचना खुद्द ऋग्वेदातच आहे. तिसऱ्या गीतात वादळी ढगांचे मरुत आहेत आणि त्यांचे वाहन निघते चक्क बेडूक. इथपर्यंत होल्स्टने पंचांग पाहूनच काम केले असावे असा संशय बळावतो. पण सहावे जे प्रत्यक्ष बेडकांचे गीत, त्याच्या वाट्याला येतो उंदीर, म्हणजे जेमतेम मध्यम पाऊस. सातव्या वाणीला म्हैस मिळते. काही वक्ते ऐकलेल्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. आणि सृष्टीच्या उत्पत्तीचे ते गूढ सूक्त, ज्याच्यापुढे मोठमोठे पंडित हात टेकतात, त्याला लागते गाढव. यावर भाष्य न करणे हेच भाष्य समजावे. वाहन नक्षत्राचे असते, गाण्याचे नव्हे, अशी हरकत कोणी घेईल. ती नोंदवून घेतली आहे. शास्त्रात हरकत नोंदवायची असते, ती मानलीच पाहिजे असे नाही.

बेडकांचे सूक्त सातव्या मंडलात एकशे तिसरे आहे आणि परंपरा ते वसिष्ठांच्या नावावर घालते. त्यात काय आहे ते आपल्या शब्दांत सांगतो. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांसारखे गप्प पडून राहिलेले बेडूक पर्जन्याने जागे होऊन बोलू लागतात. कोरड्या पखालीसारखा तळ्यात पडलेला बेडूक पाणी अंगावर येताच ओरडतो. एक बोलला की दुसरा त्याचेच बोलणे उचलतो, जसा शिष्य गुरूचे. एकाचा आवाज गाईसारखा, एकाचा बोकडासारखा. एक ठिपक्यांचा, एक हिरवट. आणि शेवटी हे बेडूक आम्हांला शेकडो गाई देवोत, आयुष्य वाढवोत, अशी प्रार्थना.

बेडकाकडून गाई! इथे पाश्चात्त्य पंडित अडखळले. मॅक्स म्युलरने निकाल दिला की ही ब्राह्मणांची थट्टा आहे. त्यावर मॉरिस ब्लूमफिल्डने सांगितले की थट्टाबिट्टा काही नाही, हा पाऊस पाडण्याचा मंत्र आहे. यास्काचार्यांनी याच्या पुष्कळ आधी, निरुक्तात, साधी हकिकत देऊन ठेवली होती: वसिष्ठांना पाऊस हवा होता, त्यांनी पर्जन्याची स्तुती केली, बेडकांनी तिला दुजोरा दिला, तेव्हा खूश होऊन वसिष्ठांनी बेडकांचीही स्तुती केली. आभारप्रदर्शनाचा हा बहुधा आपल्याकडचा सर्वांत जुना ठराव.

थट्टा की मंत्र, हा वाद चालवायला ग्रंथालय लागते. मिटवायला धोंडी पुरते. पावसाने ताण दिला की विदर्भात पोरे एक बेडूक पकडतात, कडुलिंबाच्या डहाळ्यांत गुंडाळून काठीच्या मधोमध बांधतात, काठीची दोन टोके दोघांच्या खांद्यावर, आणि मागे गल्लीतली सगळी फौज. दारोदार धोंडीचे गाणे. बाई आतून तांब्याभर पाणी आणते, बेडकावर ओतते, निम्मे पोरांवर सांडते. पोरे खिदळतात, बाई हसू दाबत सुपातून दाणे घालते आणि त्याच वेळी नजर वर टाकून ढग पाहते. त्या बाईला म्हणावे, तुझे हसणे खरे की वर पाहणे खरे? उत्तरादाखल तांब्यातले उरलेले पाणी प्रश्नकर्त्यावर पडेल. ज्याचे पऱ्हे पाण्यावाचून पिवळे पडत आहेत त्याची थट्टा आणि प्रार्थना एकाच तोंडातून, एकाच श्वासात निघते. एवढे म्युलरसाहेबांना ऑक्सफर्डमध्ये कळणे अवघड होते, त्यांना दोष नाही. होल्स्टला मात्र कुठून तरी ते जाणवले असावे, कारण त्याने हे सूक्त वगळले नाही. हजारभर सूक्तांतून नऊ निवडायची, त्यात इंद्र, वरुण, उषा यांच्या पंक्तीला बेडूक बसवायचा, याला धैर्य लागते किंवा निर्मळपणा. माझा कौल निर्मळपणाला.

आता गोंदियाचा अधिकार. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा, राइस मिलचा आणि तळ्यांचा. कोहळी मंडळींनी पाळ घालून बांधलेली तळी पुढे मालगुजारांच्या नावावर गेली. मालगुजारी गेल्यावर सरकारदरबारी ती ‘माजी मालगुजारी’ झाली आणि लोकांनी दोन अक्षरांत आटपून त्यांना ‘मामा तलाव’ करून टाकले. मामांच्या खाली बोड्या, बोड्यांच्या खाली बांध्या. म्हणजे प्रेक्षागृहाची उतरती रचना इथे आयतीच आहे. शिवाय झाडीपट्टीच्या लोकांना रात्रभराच्या नाटकाची आणि दंडारीची सवय. चार-पाच तास एकाच कंठाला बसून ऐकण्याची त्यांची तयारी लंडनकरांहून जास्त आहे.

कलावंतांची छाननी अशी. पहिल्या दमदार पावसाच्या रात्री बांधीत गुडघाभर पाणी साचले की जो प्रथम दिसतो तो मोठा बुलफ्रॉग. एरवी शेवाळी, मळकट रंगाचा हा गृहस्थ त्या रात्री हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या रंगाचे दोन फुगे फुगवतो. बॅटरीचा झोत टाकला तरी तो गात राहतो; लग्नघाई असलेल्याला प्रकाशयोजनेची फिकीर नसते. आवाज भारी, खर्जातला. वसिष्ठांचा गाईसारखा हंबरणारा तो हाच असावा, असे मानायला जागा आहे. युरोपीय वर्णव्यवस्थेत तो बास ठरतो. मग टेनर कोण? वसिष्ठांची वर्गवारी पुढे नेली तर बोकडासारखा आवाज काढणारा. यात टेनरांचा अपमान आहे असे समजू नये. युरोपातच गवयाचा सूर नको तिथे थरथरला की त्याला बकरीचा कंप म्हणण्याची रूढी आहे. वसिष्ठ फक्त काही हजार वर्षे आधी पोहोचले. धुऱ्यालगतच्या उथळ पाण्यात बोटाच्या दोन पेरांएवढी एक अरुंद तोंडाची बेडकी जात असते. तिच्यातला नर अंगाच्या मानाने इतका मोठा आवाज काढतो की शोधणारा मोठा बेडूक शोधत राहतो आणि गवई बुटाजवळ असतो. टेनरपदासाठी आमची शिफारस त्याची.

तंत्राच्या बाबतीत तर स्पर्धाच नाही. टेनर तोंड उघडून गातो, श्वास बाहेर टाकतो आणि तो वाया जातो. दोन ओळींच्या मधे त्याला चोरून हवा घ्यावी लागते आणि चांगल्या ध्वनिमुद्रिकेत ती चोरी ऐकू येते. बेडूक तोंड आणि नाकपुड्या मिटून गातो. फुप्फुसातली हवा स्वरयंत्रावरून गळ्याच्या फुग्यात जाते, तिथून परत फुप्फुसात येते; तीच हवा पुन्हा कामाला. उधळपट्टी नाही, चोरी नाही. शेजारी गाणारे दोघे पुष्कळदा एकमेकांच्या मोकळ्या जागेत आपला सूर टाकतात, म्हणजे कोणाचा कोणावर पडू नये. हा शिष्टाचार आमच्या कोणत्याही परिसंवादात मी पाहिलेला नाही. गातात ते फक्त नर. माद्या ऐकतात आणि निवडतात. म्हणजे श्रोत्यांची पसंती इथे टाळ्यांवर थांबत नाही. एक दोष मात्र लपवता येत नाही: बुलफ्रॉग आपल्याहून लहान बेडकाला खाऊन टाकतो. संगीतक्षेत्रात हे अगदीच अपूर्व आहे असे नव्हे, पण इतका उघडपणा दुर्मीळ.

समीक्षकही जिल्ह्याचा आपला आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला तो मुख्यतः गोंदियाच्या धानपट्ट्यात आणि तळ्यांकाठी. माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा, कायम जोडीने. नर आणि मादी मान वर करून एकत्र साद घालतात आणि हे युगुलगीत मैलभर जाते. म्हणजे तो स्वतः गवई आहे, कान तयार आहे, आणि बेडूक त्याच्या आहारात आहे. न आवडलेल्या गवयाविषयी लंडनचा समीक्षक दोन परिच्छेद लिहितो. सारस तेवढे कष्ट घेत नाही. आवडलेल्या गवयालाही तो तीच वागणूक देतो, हा भेद सोडला तर त्याच्या निःपक्षपातीपणाविषयी बोलायला जागा नाही.

आमगावजवळच्या पदमपूरचाही दावा ऐकून घ्यायला हवा. भवभूतीचे पद्मपूर ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. भवभूतीने मालतीमाधवाच्या प्रस्तावनेत म्हणून ठेवले आहे की काळ अमर्याद आहे आणि पृथ्वी विशाल, तेव्हा माझ्यासारखा कोणीतरी कधीतरी कुठेतरी जन्मेल. तो चेल्टनहॅमला 1874 साली जन्मला, असे सिद्ध करण्याचा मोह मला झाला होता. पण भवभूती पडला करुणरसाचा. बेडकांशी त्याचे जमले असते असे वाटत नाही. पदमपूरकरांनी दुसरा उमेदवार पाहावा.

राहिला हिशेब. इंग्लंडने आमच्या बेडकांचा आवाज घेतला. फ्रान्सादी देशांनी तंगड्या घेतल्या. तंगड्यांची निर्यात भारत सरकारने 1987 साली बंद केली, आवाजाच्या निर्यातीबद्दल अजून अधिसूचना नाही. होल्स्ट 1934 मध्ये गेला. आपल्या कायद्याप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतर ठरावीक वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे हे आवर्तन केव्हाच सर्वांना मोकळे झाले. वसिष्ठांचे वारस पुढे येतील असे दिसत नाही. तेव्हा गोंदिया जिल्ह्यात कोणी ही ध्वनिमुद्रिका लावलीच, तर मानधन धोंडीच्या पोरांना द्यावे. दर गाण्यामागे पायलीभर तांदूळ पुरे. तो मिलमधला उसना नको, चांगला एचएमटी हवा, आणि मापताना पायलीवर हात फिरवू नये. बेडकाला बोडीत परत सोडण्याची जबाबदारी काठीचे पुढचे टोक धरणाऱ्यावर राहील.